मुंडावळ्या, माईक आणि कोरडा घसा

प्रश्न : काका, मार्गशीर्षात माझं लग्न आहे. आम्ही दोघांनी सत्यशोधक पद्धत निवडलीय, म्हणजे शपथ आमची आम्हीच एकमेकांना द्यायची. ती मी लिहूनही काढली. अडचण अशी की मी बँकेत काउंटरला असते, दिवसाला शंभर-दीडशे लोकांशी बोलते, पण उभं राहून चार माणसांपुढं बोलायचं म्हटलं की वाचाच बसते. सहावीत टिळक पुण्यतिथीला ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’ इथपर्यंत आले आणि पुढचं सगळं गेलं. पोरं हसली, ते हसणं अजून कानात आहे. कार्यालयात पाचशे पान आहे. घरी घडाघडा येणारे शब्द माणसं दिसली की जातात कुठे? आणि खरंच विसरले किंवा भलतंच बोलले, तर लग्न लागलं म्हणायचं की नाही?
— तुमची एक अनोळखी पुतणी, कराड

उत्तर : पुतणी म्हणालीस, तेव्हा अगं-तुगं करतो. गेली तीस वर्षं मी लग्नांत निवेदन करतोय; भटजी असलेल्या, नसलेल्या, सगळ्या लग्नांत. माईकसमोर पांढरी पडलेली तोंडं माझ्याइतकी कुणी पाहिली नसतील. फोटोग्राफरनं पाहिलेली असतात, पण त्याला ती नंतर उजळता येतात.

तुझा दुसरा प्रश्न आधी घेऊ. पहिल्यातली निम्मी भीती तिथंच दडलीय.

हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. त्याचं सातवं कलम म्हणतं की लग्न दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे लागावं, आणि त्या रूढीत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडताच ते पूर्ण होतं. पाऊल पडताच. जीभ कशी वळली याची चौकशी त्यात नाही. आपल्या नेहमीच्या लग्नात धर्म, अर्थ, काम या तिन्ही बाबतीत हिला डावलू नकोस असं वधूपिता सांगतो आणि नवरदेव ‘नातिचरामि’ म्हणतो, म्हणजे मर्यादा ओलांडणार नाही. तेही भटजींनी आधी म्हणायचं आणि यानं मागून. मी तो शब्द ‘नातीच्या रामी’पासून ‘नाही चरामि’पर्यंत सगळ्या रूपांत ऐकलाय. एकाचाही संसार त्यापायी अडला नाही. वधूला तर त्या सबंध विधीत बोलायला जवळजवळ काही नसतंच. ते बरं की वाईट, याचं उत्तर तू पद्धत निवडतानाच देऊन टाकलं आहेस.

शब्द उच्चारावेच लागतात असा कायदा म्हणजे १९५४चा विशेष विवाह कायदा. नोटिशीचे तीस दिवस उलटले, कुणाची हरकत आली नाही, की विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांदेखत दोघांनी एकमेकांना सांगायचं असतं, की मी अमुक, तुझा पती किंवा पत्नी म्हणून कायदेशीर स्वीकार करतो. त्याशिवाय लग्न पक्कं होत नाही. पण तेच कलम असंही म्हणतं की दोघांना समजेल अशा कोणत्याही भाषेत म्हटलं तरी चालेल. माझं लग्न असंच झालं. आयुष्यभर माईकवर पोट भरणारा मी, आणि त्या एका वाक्यात बायकोच्या जागी मेहुणीचं नाव घेतलं. मेहुणी साक्षीदार म्हणून शेजारीच उभी होती. साहेबांनी पेन खाली ठेवलं, चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, “परत.” परत म्हटलं. सही केली. घरी हा विषय दर दिवाळीला निघतो, एवढीच शिक्षा.

मोठ्यामोठ्यांचंही हेच. २९ जुलै १९८१ रोजी लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये डायना चार्ल्सचं नाव उलटसुलट बोलून गेली. ‘चार्ल्स फिलिप’च्या ऐवजी ‘फिलिप चार्ल्स’. चार्ल्सनं माझी संपत्ती तुला देतो म्हणायच्या ठिकाणी तुझीच संपत्ती तुला देऊन टाकली. सगळं जग दूरचित्रवाणीला डोळे लावून बसलं होतं. लग्न लागलं. ते पुढे मोडलं त्याची कारणं वेगळी. बराक ओबामांची २० जानेवारी २००९ची अध्यक्षपदाची शपथ मात्र दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसमध्ये पुन्हा घ्यावी लागली, कारण ते शब्द संविधानानं ठरवून दिलेले आहेत. आणि तिथं गोंधळ सुरू झाला तो सांगणाऱ्या सरन्यायाधीशांपासूनच. तर पोरी, तू चुकलीस तर थांब, ‘परत म्हणते’ असं म्हण, आणि परत म्हण. तुमच्या लग्नात परत म्हणू नये असं सांगणारं कुणी नाही. नोंदणी तेवढी वेळेवर करून घ्या.

आता शब्द जातात कुठे ते बघू. ते जात नाहीत, दार बंद होतं. पाचशे जणांचे डोळे एकदम वळले की शरीर त्याला संकट समजतं आणि ॲड्रेनलिन सोडतं. मग छाती धडधडते, श्वास पोटातून वर छातीत येतो, लाळ आटते, हात कापतात. पळायचं किंवा झुंजायचं असेल तर ही तयारी उत्तम. शपथ म्हणायला काडीची उपयोगी नाही. त्यात मनाचा अर्धा भाग स्वतःवरच पहारा ठेवायला जातो. आवाज कापतोय का, मामी का हसली, पदर सरकला का, हे तो मोजत बसतो. उरलेल्या अर्ध्यावर पाठांतर चालायचं, आणि पाठांतर म्हणजे आगगाडी. एक डबा सुटला की मागचे सगळे तिथंच उभे. ‘पूज्य गुरुजनवर्ग’च्या पुढचा डबा तुझा सुटला होता.

पण मग काउंटरवर हे का होत नाही? तिथंही रांगेत चाळीस माणसं उभी असतात, त्यातली दहा तरी वैतागलेली. होत नाही, कारण तू रांगेशी बोलत नाहीस. खिडकीपुढं जो आला त्याच्याशी बोलतेस. त्याची स्लिप, त्याची सही, त्याचे पैसे. मागचे ऐकत असतील तर ऐकू देत.

मला सांगायचं ते एवढंच आहे. शपथ हे काउंटरवरचं काम आहे, टिळक पुण्यतिथीचं नाही. समोर एक माणूस आहे, त्याला तू शब्द देते आहेस. बाकीचे पाचशे जण साक्षीला आलेत. साक्षीदाराला भाषण ऐकवायचं नसतं.

जुन्या लग्नात ही सोय होतीच. अंतरपाट धरायचा तो दोघांच्या मधे, दोघं समोरासमोर, आणि मंडप बाजूला. पाट खाली आला की पहिलं दिसायचं ते एकमेकांचं तोंड. आता सजावटवाले दोन मखमली सिंहासनं शेजारीशेजारी ठेवतात, तोंडं प्रेक्षकांकडे, आणि नवरा-नवरी बक्षीस समारंभाला बसल्यासारखी दिसतात. तिथून बोललीस की ते भाषणच होणार. तेव्हा शपथेच्या वेळी उभे राहा आणि एकमेकांकडे वळा. फोटोग्राफर ‘मॅडम, इकडे’ म्हणेल. त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेव की त्या दोन मिनिटांत इकडे नाही.

दुसरी सोय तुमच्या पद्धतीतच आहे. सप्टेंबर १८७३मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. बाहेर किती राग होता याची कल्पना कर. त्या जोडप्याच्या घशाला कोरड पडली नसेल? जोतीरावांनी लग्नासाठी जी मंगलाष्टकं लिहिली ती वधू-वरांनी आळीपाळीनं म्हणायची आहेत. वधू स्त्रियांचे हक्क मागते, वर ते द्यायची शपथ घेतो. म्हणजे तो संवाद आहे. तू बहुधा सबंध शपथ एका दमात लिहून ठेवली असशील, पानभर. ती तोड. दोन वाक्यं तू, दोन तो, परत दोन तू. त्याची पाळी असते तेव्हा तुला श्वास घ्यायला मिळतो, आणि दोन वाक्यं विसरणं अवघड असतं. सगळी मिळून तुझ्या वाट्याला ऐंशी-नव्वद शब्द आले तर पुष्कळ. ‘सुखदुःखाच्या प्रत्येक वळणावर’ असं काही त्यात असेल तर ते खुशाल काढ. असल्या शब्दांवर जीभ आधी घसरते. ‘माझा पगार माझ्या खात्यात राहील आणि घरखर्च निम्मा-निम्मा’ हे मी एका शपथेत ऐकलंय. नवरीचा आवाज त्या वाक्याला सगळ्यात खणखणीत होता.

पाठ करू नकोस. मंत्रीसुद्धा शपथ कागदावरून वाचतात. आणि त्या शपथविधीतली एक रीत बघ : राज्यपाल ‘मी’ म्हणतात आणि तिथून पुढं मंत्री वाचतो. पहिला शब्द सगळ्यात जड असतो, तो दुसऱ्यानं उचलून दिला की गाडी सुटते. तुमचे विधिकर्ते असतील किंवा घरातली कुणी आत्या, मावशी, तिला हे काम दे. तिनं फक्त ‘मी’ म्हणायचं.

कागद साधा नको. पातळ कागद हात कापला की फडफडतो, आणि ती फडफड पाहून हात आणखी कापतो. उरलेली लग्नपत्रिका घे, तिच्या कोऱ्या बाजूला मोठ्या ठळक अक्षरात लिही. जिथं श्वास घ्यायचा तिथं उभी रेघ मार. मोबाईलवरून वाचू नकोस. ऐन वेळी पडदा काळा होतो आणि अंगठा मेंदीनं रंगलेला असतो, तो ओळखत नाही म्हणतो.

आता ज्या गोष्टी कुठल्याच पुस्तकात नसतात त्या. नथ. प, ब, म म्हणायचं तर दोन्ही ओठ मिटावे लागतात, आणि मोठी नथ वरच्या ओठावर येऊन बसते. ‘मी’ म्हणताना मोती दाताखाली आलेला मी पाहिलाय. घरी नथ घालूनच सराव कर, चापाची असेल तर विशेष. ती हुंदक्याबरोबर सुटते. मुंडावळ्या कानामागे सारून घे. हार जड असतो, मान खाली ओढतो, मान खाली गेली की आवाज पोटातच राहतो. बोलण्याआधी हार काढून ठेवलात तर आकाश कोसळणार नाही. माईक करवलीच्या हातात दे, तुझ्या नको. तुझ्या एका हातात पत्रिका, दुसरा हात मोकळा, हवं तर त्याच्या हातात. माईक हनुवटीच्या रेषेत, तोंडापासून चार बोटांवर. त्यावर टिचक्या मारणं आणि ‘हॅलो हॅलो’ करणं हे डेकोरेशनवाल्याचं काम, त्यानं ते सकाळीच उरकलेलं असतं.

आणि खाऊन ये. लग्न लागेपर्यंत उपाशी राहायची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. रिकामं पोट, रात्रभराचं जागरण आणि आटलेली लाळ, यांच्यावर धीर उभा राहत नाही. दोन घास दहीभात, एखादं केळं, आणि बाजूला पाण्याची छोटी बाटली. हळदीच्या रात्री डीजेवर ओरडून घसा बसवून घेतलेल्या नवऱ्या मी दरसाल पाहतो. नाच पाहिजे तेवढं, ओरडू नकोस.

सरावाला केळवणं आहेतच. लग्नाआधी दहा घरी जेवायला जाशील. पहिल्या घरी जेवण झाल्यावर उभं राहून यजमानांचे दोन वाक्यांत आभार मान. समोर सहा जण असतील. पुढच्या घरी चार वाक्यं, समोर बारा जण. शपथ वाचायची गरज नाही, उभं राहून बोलायची सवय हवी. भीती एकदम जात नाही, ती पायरी-पायरीनं उतरते, आणि इतक्या सोयीच्या पायऱ्या केळवणाखेरीज कुठं मिळणार? वर जेवणही मिळतं. आरशासमोर सराव मात्र नको. आरशात आपण स्वतःलाच बघत बसतो, आणि तीच तर खोड मोडायचीय.

मानसशास्त्रवाल्यांनी यावर बरंच काम केलंय, त्यातल्या दोन गोष्टी मला मांडवात खऱ्या ठरलेल्या दिसल्या. पहिली, आपली घबराट आपल्याला वाटते तितकी बाहेर दिसत नाही. केनेथ सॅवित्स्की आणि टॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही वक्त्यांना बोलण्याआधी एवढंच समजावून सांगितलं होतं. त्यांची भाषणं इतरांपेक्षा सरस झाली, त्यांच्या स्वतःच्या मते आणि ऐकणाऱ्यांच्याही मते. आत ढोल वाजत असतो, पण पाचव्या रांगेतल्या काकूंना फक्त तुझ्या शालूचे काठ दिसत असतात. दुसरी गोष्ट हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांची, २०१४ची. बोलण्याआधी स्वतःला ‘शांत हो’ म्हणण्यापेक्षा ‘मला उत्साह आलाय’ असं म्हणणाऱ्यांनी चांगलं भाषण केलं, गाणंही चांगलं म्हटलं. कारण धडधड दोन्हीकडे सारखीच असते. धावणाऱ्या घोड्याला बसवता येत नाही, वळवता येतं. आणि खरं सांग, तुला या माणसाशी लग्न करायचा उत्साह आहेच ना? मग खोटं काय बोलायचंय त्यात.

शपथेच्या आधी मिनिटभर श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्याकडे लक्ष दे. चार मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर. श्वास सोडताना हृदयाची गती उतरते, हा शरीराचाच नियम आहे. त्याहून सोपा उपाय आमच्या बौद्ध बांधवांच्या लग्नांत मी पाहतो. तिथं प्रतिज्ञेच्या आधी सगळा मंडप मिळून त्रिशरण आणि पंचशील म्हणतो. नवरा-नवरीही म्हणतात. त्यांच्या प्रतिज्ञेची पाळी येईपर्यंत घसा मोकळा झालेला असतो, श्वास लयीत आलेला असतो, आणि मुख्य म्हणजे एवढ्या लोकांत आपला आवाज एकदा निघून गेलेला असतो. तुम्ही शपथेआधी जोतीरावांचा एखादा अखंड सगळ्यांनी मिळून म्हणा. तू मोठ्यानं म्हण, बेसूर झालीस तरी.

रडू आलं तर? येईल. आईकडे बघू नकोस, निदान त्या दोन मिनिटांत. घशात गोळा आला की गिळायची घाई न करता थांब, घोटभर पाणी घे, आणि जिथं होतीस त्याच रेघेवरून पुढं वाच. मंडप थांबतो. मंडपाला ती शांतता आवडते, हे तुला निवेदक सांगतोय.

कुणी मैत्रीण म्हणेल की एक गोळी घे, गायक-वादक घेतात, हात कापायचे थांबतात. घेतात हे खरं. प्रोप्रॅनोलॉल नावाचं ते औषध हृदयाच्या ठोक्यांवर काम करतं, दमा असलेल्याला धोक्याचं असतं, आणि ते डॉक्टरनं तपासून लिहून द्यायचं असतं. मैत्रिणीच्या पर्समधून घ्यायचं नसतं. आणि नवरदेवाचे मित्र त्याला धीर यावा म्हणून जे पाजू बघतात, त्यानं धीर येतो आणि जीभ जाते.

शेवटी तुझ्या सहावीतल्या पोरांविषयी. ती आता तिशीची झाली असतील आणि त्यातली चार-दोन तुझ्या लग्नाला जेवायला येतील. त्यांना तो दिवस आठवतोय का, ते जेवताना विचारून बघ आणि मला कळव. माझी पैज आहे, त्यांना स्वतःचं विसरलेलं भाषण आठवत असेल, तुझं नाही.

प्रश्न : मी वसईचा, कॅथलिक. जानेवारीत आमचं चर्चमध्ये लग्न आहे, विधी मराठीतून होणार. लहानपणापासून मी बोलताना अडखळतो. एरवी एखादा शब्द अडला की दुसरा वापरून वेळ मारून नेतो. पण वचन देताना ‘मी’च्या पुढे माझं नाव आणि मग तिचं नाव घ्यायचं आहे. नेमका नावावरच अडतो. तिला आणि घरच्यांना काही वाटणार नाही, पण मला वाटेल. काही युक्ती?
— एक वर, वसई

उत्तर : नावावर अडणं हे तुमच्यासारख्या बहुतेकांना ठाऊक असलेलं दुखणं आहे, आणि कारण तुम्हीच लिहिलंय : नावाला पर्यायी शब्द नसतो. ‘पाणी’ अडलं तर ‘जल’ म्हणता येतं, स्वतःला दुसरं नाव देता येत नाही.

एक गोष्ट जगभर पाहिली गेलीय. दुसऱ्या माणसाबरोबर एका सुरात बोलताना किंवा गाताना अडखळणं बहुतेकांचं जवळजवळ नाहीसं होतं. मिस्सात प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणताना तुम्ही अडखळता का? बहुधा नाही. मग फादरना विचारा की वचन त्यांनी हळूहळू तुमच्याबरोबर म्हटलं तर चालेल का. आधी ते आणि मागून तुम्ही असं नको. दोघांनी एकदम, त्यांचा आवाज माईकपासून लांब. तिनंही सूर मिसळला तर आणखी छान.

दुसरी वाट तुमच्या विधीतच ठेवलेली आहे. वर-वधूनं सबंध वचन म्हणण्याऐवजी धर्मगुरूनं ते प्रश्न म्हणून विचारावं आणि उत्तरात होकार घ्यावा, अशी मुभा कॅथलिक विवाहविधीत आहे. त्यात काही उणं नाही. तुमच्या धर्मशास्त्राप्रमाणे हा संस्कार मुळात वर आणि वधूच एकमेकांना देतात, फादर चर्चच्या वतीनं त्यांचा होकार स्वीकारतात. मग होकार एका शब्दात आला काय आणि वीस शब्दांत आला काय. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज अडखळत बोलत. लायोनेल लोग या ऑस्ट्रेलियन शिक्षकाबरोबर त्यांनी वर्षानुवर्षं मेहनत केली. १२ मे १९३७ला त्यांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा तिथली शपथही अशीच होती : आर्चबिशप विचारणार, राजा उत्तर देणार. राजाला चाललं ते वसईकराला चालायला हरकत नसावी.

पण तुमच्या पत्रातल्या ‘मला वाटेल’ या दोन शब्दांवर मी थांबलो. तुम्हाला सगळं वचन स्वतःच्या तोंडून म्हणायचं असेल तर तसंच म्हणा, आणि अडखळून म्हणा. नावाचं पहिलं अक्षर जोर लावून फोडू नका. आधी थोडा श्वास सोडा आणि त्या श्वासावर ते अक्षर अलगद ठेवा. वाक्तज्ज्ञ हे नीट शिकवतात. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, वाणी आणि श्रवण हेच तिचं काम. तुम्हाला लोकलनं सरळ जाता येईल. जानेवारीपर्यंत चार-सहा फेऱ्या होतील. त्यानं अडखळणं जाईल असं मी म्हणणार नाही. अडखळताना चेहऱ्यावर आणि मानेवर येणारा ताण पुष्कळ कमी होऊ शकतो.

एक काम आजच करा. तुमचं वचन पुरं होईपर्यंत कुणी मधे शब्द पुरवायचा नाही, हे घरच्यांना, विशेषतः उत्साही मेहुण्यांना, बजावून ठेवा. शब्द अडलेल्या माणसाला शब्द पुरवणं म्हणजे चालणाऱ्याला मागून ढकलणं.

प्रश्न : आमच्याकडे नवी नातसून आलीय, शिकलेली, नोकरी करणारी, मुलाखतीत पॅकेज ठरवून घेणारी. पण ‘नाव घे’ म्हटलं की हातपाय गाळते. उंबरठ्यावर माप ओलांडताना दहा मिनिटं उभी राहिली. आमच्या वेळी आम्ही एकामागोमाग दहा नावं घ्यायचो. हल्लीच्या मुलींना एवढी भीती कशाची?
— एक आजेसासूबाई, इंदूर

उत्तर : आजी, नमस्कार. तुमच्या वेळी नवऱ्याचं नाव एरवी तोंडातून काढायचं नसे, म्हणून उखाण्यात ते घ्यायची केवढी मौज होती. वर्षभर बंद असलेली खिडकी उघडल्यासारखी. ही त्याला दिवसभर नावानं हाक मारते, तेव्हा नावाची तिला भीती नाही. तिला भीती आहे ती दार अडवून उभ्या असलेल्या सोळा बायकांची, ज्यांतल्या तिघींची नावंही तिला अजून माहीत नाहीत.

शिवाय तुमची दहा नावं एका दिवसात आली नव्हती. हळदीकुंकू, मंगळागौर, डोहाळजेवण, दर वेळी एकेक जमत गेलं. यमक हाताशी असलं की पुढची ओळ आपोआप येते, म्हणून तर उखाणा लक्षात राहतो. पण आधी ऐकावे लागतात खूप. इंदूरच्या सोसायटीत तिनं किती ऐकले असतील?

तेव्हा पुढच्या वेळी तिला आदल्या दिवशी दोन उखाणे लिहून द्या, आणि ती कागदावर बघून म्हणाली तरी हसू नका. आधी नातवाला घ्यायला लावा. तो तिच्याहून जास्त घाबरेल, हे मी तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. पुरुषांना उखाणा म्हटलं की ते ‘पाणी आणतो’ म्हणून निघून जातात. त्याला जाऊ देऊ नका. आणि तुमच्या त्या दहांतले तीन-चार मला पत्रानं पाठवा. मांडवात उखाणा न सुचलेल्या नवऱ्या रोज भेटतात, माझ्याकडचे आता सगळ्यांचे ऐकून झालेत.